वडिलांसाठी ऑटोमॅटिक गाडी : आधी तब्येत, मग शोरूम

वस्तीत रक्तदाब आणि साखर तपासायला आम्ही बसतो, तेव्हा अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. "बाबांचे गुडघे फार दुखतात, क्लच दाबवत नाही. ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली तर चालेल का?" विचारणारा मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागलेली असते. बाबा महापालिकेतून, रेल्वेतून, एसटीतून नाहीतर आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले असतात. घरातली जुनी गाडी तेच रोज चालवतात. आईला डायलिसिसला नेतात, नातवाला शाळेत सोडतात, येताना बाजार आणतात. त्यांनी गाडी बंद केली तर घरातली निम्मी कामे अडतात आणि बाबाही खचतात.

म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे. शोरूममधला माणूस ॲव्हरेज सांगेल, रंग दाखवेल, हप्ता काढून देईल. बाबांच्या तळपायाला स्पर्श कळतो का, हे तो विचारणार नाही. ते आपणच विचारायचे आहे. काही घरांत आईही गाडी चालवते. पुढे जिथे बाबा लिहिले आहे तिथे आईही समजावी.

दुखतो तो पाय कोणता?

सगळ्यात आधी हा प्रश्न. क्लच डाव्या पायाने दाबतात. सिग्नलला आणि गर्दीत तो पुन्हा पुन्हा दाबावा लागतो आणि दर वेळी गुडघा वाकवून सरळ करावा लागतो. डावा गुडघा झिजला असेल, कंबरेतून डाव्या पायात कळ जात असेल, तर ऑटोमॅटिक गाडीने खरोखर आराम पडतो. डाव्या पायाला काही कामच उरत नाही.

पण ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायाकडे असतात. दुखणे उजव्या गुडघ्याचे किंवा उजव्या घोट्याचे असेल, तर ऑटोमॅटिक गाडी घेऊन फारसा फायदा नाही. जो पाय दुखतो त्याच पायावर सगळी गाडी राहते. आणीबाणीत ब्रेकवर जोरात पाय मारायचा असतो, तो याच पायाने. इथे आधी गुडघ्यावर उपचार व्हायला हवा. गाडीचा विचार नंतर.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा मंद होतात. पाय बधिर होतात, कापसावर चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. अशा पायाला ब्रेकवर किती दाब पडला हे कळत नाही, आणि पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हेही चटकन कळत नाही. घरी एक सोपी तपासणी करता येते. बाबांना डोळे मिटून पडायला सांगा. त्यांच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने हलकेच स्पर्श करा. दाबायचे नाही, घासायचे नाही. स्पर्श झाला की त्यांनी "हो" म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय कोणतीच गाडी चालवायची नाही, ऑटोमॅटिकसुद्धा नाही.

डोळे, साखर आणि झोप आणणाऱ्या गोळ्या

ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलते. ती रस्ता बघत नाही. मोतीबिंदू असेल तर समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात आणि रस्ता ओलांडणारा माणूस दिसतच नाही. काचबिंदूत समोरचे नीट दिसते, पण बाजूचे हळूहळू कमी होत जाते, आणि माणसाला ते जाणवत नाही. गल्लीतून धावत येणारे मूल बाजूनेच येते. म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे डोळ्याचा दाब आणि पडदाही तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. नवी गाडी घेण्याआधी ती करून घेतली, तर पैसाही लागत नाही आणि रस्ताही स्वच्छ दिसतो.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर दिवसाउजेडी वीस मीटरवर, म्हणजे साधारण पंचवीस-तीस पावलांवर उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेट चष्मा लावून वाचायला सांगा. वाचता आली नाही तर गाडी काढायची नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम येतो, हात थरथरतात, डोक्यात गोंधळ उडतो. चाकावर बसलेल्या माणसाचे असे झाले तर पुढचे सांगायला नको. अशांनी गाडी काढण्याआधी साखर तपासावी. ९० पेक्षा कमी असेल तर आधी खावे. ७० च्या खाली असेल तर गाडीला हात लावू नये. साखर खाली जाऊन पुन्हा नीट झाली, तरी त्यानंतर किमान ४५ मिनिटे थांबावे, कारण डोके जाग्यावर यायला तेवढा वेळ लागतो. गाडीत ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटे हाताशी असावीत, डिकीत नव्हे.

आता गोळ्यांची पिशवी बघा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या, खोकल्याची काही औषधे, झोपेच्या गोळ्या आणि पायांची आग कमी करायला दिलेली प्रिगॅबालिनसारखी गोळी यांनी सुस्ती येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठल्यावर भोवळ येते. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा, "या घेऊन गाडी चालवली तर चालेल का? वेळ बदलता येईल का?" फिट येणे, अचानक शुद्ध हरपणे किंवा रोजचा रस्ता विसरणे, यातले काहीही असेल तर गाडी खरेदीचा विषय तिथेच थांबवावा.

लायसन्सची तारीख बघा

गाडी मुलाच्या नावावर असो की बाबांच्या, चालवणाऱ्याचे लायसन्स चालू हवे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात बदल झाले. आता ५० ते ५५ वयात लायसन्स काढले किंवा नवे करून घेतले, तर ते साठीपर्यंत चालते. ५५ नंतर दर वेळी ५ वर्षांचेच मिळते. चाळिशी ओलांडलेल्यांना नूतनीकरणासाठी फॉर्म १-ए वर डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

हा फॉर्म बऱ्याच जणांना नुसता शिक्क्याचा कागद वाटतो. तसे करू नका. डॉक्टरांना डोळे, कान, हात-पाय खरोखर तपासायला लावा. दर पाच वर्षांनी होणारी ही तपासणी बाबांच्याच जिवासाठी आहे.

ऑटोमॅटिकचे प्रकार आणि शरीराशी त्यांचे नाते

स्वस्त गाड्यांत मिळते ती एएमटी. गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लचही असतो, पण क्लच दाबायचे आणि गिअर बदलायचे काम यंत्र करते. मारुतीच्या गाड्यांवर यालाच एजीएस म्हणतात. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओबरोबर ही पद्धत छोट्या गाड्यांत आली. अल्टो के-१०, वॅगन आर, टियागो, क्विड अशा गाड्यांत ती मिळते. साध्या गाडीपेक्षा साधारण ५० हजारांच्या आसपास जास्त पडतात आणि ॲव्हरेज फारसे बदलत नाही. उणीव अशी की गिअर बदलताना हलका झटका बसतो, मान पुढे-मागे होते. मानेचे मणके झिजलेल्याला किंवा कंबरदुखी असलेल्याला तो रोज त्रास देऊ शकतो. गिअर बदलण्याच्या वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा सैल केला की झटका कमी होतो. हे शिकायला आठवडाभर लागतो.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात गिअरचे टप्पे जाणवत नाहीत, गाडी सलग पळते. होंडा अमेझसारख्या गाडीत ती मिळते. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, तोही मऊ चालतो. दोन्ही एएमटीपेक्षा महाग. मान-पाठीचे दुखणे जास्त असेल आणि पैसे जमत असतील तरच यांच्याकडे वळावे.

विजेवरच्या गाडीत गिअरच बदलत नाही, झटका नाही, आवाज नाही. पण वस्तीत चार्जिंग कुठे करणार, हे आधी ठरवा. पार्किंगच्या जागेवर स्वतःच्या मीटरची, अर्थिंग असलेली जोडणी नसेल, तर घरातून गल्लीभर एक्स्टेन्शन वायर टाकून चार्जिंग करू नका. पावसाळ्यात त्या वायरवर कुणाचाही पाय पडू शकतो. शिवाय ही गाडी आवाज न करता येते, त्यामुळे गल्लीत खेळणाऱ्या मुलांना ती आल्याचे कळत नाही.

कोणताही प्रकार घेतला तरी हिल होल्ड आहे का, हे विचारा. चढावर थांबून पुन्हा निघताना ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी मागे सरकते. हिल होल्ड असेल तर ती क्षणभर धरून ठेवली जाते. पुलाच्या चढावर रोज अडकणाऱ्यांना हे फार उपयोगी आहे. एएमटी गाडी चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरच्या जोरावर धरून ठेवू नये, क्लच तापतो आणि जळतो. थांबायचे तर ब्रेक दाबूनच.

टेप घेऊन जा, आणि बाबांनाही घेऊन जा

मुलाने एकट्याने जाऊन गाडी बुक करणे ही भेट चांगली वाटते, पण गाडी बाबांच्या अंगाला बसली पाहिजे. शोरूममध्ये त्यांना पाच वेळा आत बसवा आणि पाच वेळा बाहेर काढा. पाचव्या वेळी चेहरा बघा. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. फार उंच असेल तर पाय टेकत नाहीत. बाबा गाडीजवळ उभे असताना सीट त्यांच्या गुडघ्याच्या थोडी वर आली, तर सरळ मागे टेकून बसता येते. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर आहे, त्यामुळे आत जाताना मान फार वाकवावी लागत नाही. अल्टोसारख्या बुटक्या गाडीत जास्त वाकावे लागते. मागे बसणाऱ्या आईलाही बसवून बघा. एमजी कॉमेट लहान आणि दिसायला छान आहे, पण तिला बाजूला दोनच दरवाजे आहेत. मागच्या सीटवर जायला पुढची सीट पाडून वाकून जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आईला ते जमणार नाही.

मग हे बघा :

सीटबेल्ट – चालकाचा बेल्ट उजव्या खांद्यामागून ओढावा लागतो. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. उजवा खांदा आखडलेला असेल तर डाव्या हाताने बेल्ट ओढून लावता येतो का, ते बघा.

मान – खुर्चीवर बसून हनुवटी दोन्ही खांद्यांकडे किती वळते ते बघा. वळत नसेल तर मागचा कॅमेरा आणि मोठे आरसे हवेतच. पण कॅमेरा आहे म्हणून मान वळवायची नाही, असे नको.

सीटची उंची – चालकाची सीट वरखाली होणारी असावी. उंची कमी असलेल्या आईला स्टिअरिंगवरून रस्ता नीट दिसला पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटे तरी अंतर हवे. त्याहून जवळ बसले तर अपघातात उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते.

गल्ली – आपल्या गल्लीची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजून घ्या. अल्टो के-१० ची रुंदी १४९० मिलिमीटर, वॅगन आरची १६२०, टियागोची १६७७, पंचची १७४२ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंचे आरसे त्यात धरलेले नाहीत. शिवाय दरवाजा पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडलेल्या दारातून अंग चोरून बाहेर पडताना वयस्कर माणूस हमखास तोल जाऊन पडतो. मांडीचे हाड मोडायला तेवढे पुरते.

सुरक्षेचे तारे – भारतात ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांची टक्कर-चाचणी सुरू झाली आहे. जी गाडी घेणार तिला किती तारे मिळाले आहेत, ते विचारा. म्हातारपणी हाडे ठिसूळ असतात, तरुणाला खरचटेल एवढ्या धक्क्यात बरगडी मोडते. म्यूझिक सिस्टीमवर जाणारे पैसे एअरबॅगवर घालवलेले बरे.

चाचणीची फेरी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. बाबा रोज ज्या वेळी आणि ज्या रस्त्याने जातात, तिथेच घ्या. चढ, खड्डे, गतिरोधक सगळे त्यात आले पाहिजे.

ऑटोमॅटिक गाडीतला नवा धोका

हे सगळ्यात नीट वाचा आणि बाबांनाही वाचून दाखवा. तीस वर्षे क्लचची गाडी चालवलेल्या माणसाच्या शरीरात एक सवय पक्की असते. घाबरले की दोन्ही पाय एकदम खाली जातात. क्लचच्या गाडीत याने नुकसान होत नव्हते. चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला तरी क्लच दाबलेला असल्यामुळे इंजिन नुसते ओरडायचे, गाडी पुढे जात नव्हती. ऑटोमॅटिक गाडीत ते संरक्षण नाही. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी उडी घेते. माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो.

दुसरी गोष्ट. लिव्हर डी वर असेल आणि ब्रेकवरचा पाय उचलला, तर बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या ॲक्सिलरेटर न दाबताही हळूहळू पुढे सरकतात. बाबा फोन उचलायला किंवा कुणाशी बोलायला पाय सैल सोडतात आणि गाडी पुढे जाते. आपल्या गल्लीत गाडीच्या पुढ्यात कोण असते? गोट्या खेळणारी पोरे.

म्हणून हे नियम :

एक – डावा पाय कायम बाजूला, त्याच्या टेकणीवर. ऑटोमॅटिक गाडी एकाच पायाने चालवायची.

दोन – उजवी टाच ब्रेकच्या पुढ्यात जमिनीला टेकलेली. टाच न उचलता पंजा ॲक्सिलरेटरकडे वळवायचा. पाय मोकळा झाला की तो आपोआप ब्रेकवर येतो. सपातांनी चालवायचे नाही, घट्ट बसणारे बूट किंवा मागे पट्टा असलेल्या चपला घालायच्या.

तीन – अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर लिव्हर एन वर आणि हॅन्डब्रेक वर. एएमटी गाड्यांत बहुधा पी नसतो, त्यामुळे हॅन्डब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरायचेच नाही.

चार – पहिले पंधरा दिवस मोकळ्या मैदानात, पहाटे, मुले नसताना सराव. शेजारी घरातले मोठे माणूस. "थांब" म्हटले की ब्रेक, एवढेच दिवसातून पन्नास वेळा. त्यानंतर गल्ली.

पाच – गल्लीत गाडी मागे घेताना एका मोठ्या माणसाने बाजूला उभे राहायचे. गाडीच्या थेट मागे कुणी उभे राहायचे नाही.

पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे छोट्या गाड्या थोड्या आवाक्यात आल्या. तरीही हप्ता, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि पार्किंग एका कागदावर मांडा. बाजूला रोजच्या रिक्षाचे महिन्याचे पैसे मांडा. दिवसाला एकच फेरी असेल तर बऱ्याच घरांत रिक्षाच स्वस्त पडते. गाडीच्या हप्त्यासाठी बाबांचा औषधाचा किंवा आरोग्य विम्याचा पैसा वळवायचा नाही. जुनी एएमटी घेत असाल तर ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन चढावर चालवून बघा. निघताना गाडी थरथरत असेल किंवा जळका वास येत असेल तर क्लच संपत आलेला आहे.

विमा घेताना मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात आहे का ते बघा. त्यासाठी मालकाकडे चालू लायसन्स असावे लागते.

थांबायची वेळ

गाडीवर नवे ओरखडे दिसू लागले, मागचे लोक वारंवार हॉर्न वाजवू लागले, ओळखीचे वळण चुकू लागले, रात्री चालवायचे बाबाच टाळू लागले, तर बोलायची वेळ आली आहे. चारचौघांत बोलू नका, किल्ली हिसकावू नका. ज्या माणसाने आयुष्यभर घर ओढले त्याच्या हातातून एकदम सगळे काढून घेणे बरोबर नाही. टप्प्याटप्प्याने कमी करा. आधी रात्रीची गाडी बंद, मग पावसातली, मग हायवेची. शेवटी शाळा आणि बाजार एवढेच. त्याबरोबरच दुसरी सोय लावून द्या. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे तिकीट आहे. ठरलेला रिक्षावाला, वेळ काढणारा नातू, शेजारचा गाडीवाला, यांची नावे घरात एका कागदावर लिहून ठेवा.

गाडी घ्यायची ठरली असेल तर क्रम एवढाच ठेवा. या आठवड्यात बाबांचे पाय, डोळे आणि गोळ्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या आठवड्यात गल्ली मोजा आणि लायसन्सची तारीख बघा. शोरूमला तिसऱ्या आठवड्यात जा, बाबांना बरोबर घेऊन. डॉक्टरांनी नको म्हटले, तर बयाणा देण्याआधीच कळलेले बरे.